ठाण्यातलं कन्फेशन, बारा वर्षांनी

स्टेशनपासून चालत जाण्यासारखं चर्च आहे, नाव नाही लिहीत कारण तक्रारही करायचीय. शनिवारी संध्याकाळी मिसाच्या (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेच्या) आधी कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, असतं, वेळ साडेपाचची सांगतात पण फादर आले सहाला आणि पंखा बंद, घामाने भिजलो नुसता.

आता मुद्दा. ऑफिसातल्या एका मुलीच्या मागे मी दोन वर्षं अक्षरशः वेडा होतो, लास्ट सीन बघत बसायचं, एकदा तर घोडबंदरला तिच्या बिल्डिंगखाली जाऊन उभा राहिलो, आठवलं की अजून कान गरम होतात. तिने ब्लॉक केलं ते बरंच केलं. प्रार्थनेला बसलो तरी तोंड वर करवत नव्हतं.

फादरनी मधे एकदाही टोकलं नाही. मी म्हटलं तिची माफी मागायला जाऊ का, तर म्हणाले नको बाळा, ते पण तुझ्याच समाधानासाठी होईल, तिला एकटं सोड. (हे मित्रांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं.) प्रायश्चित्त म्हणून नंबर, फोटो डिलीट आणि आठवडाभर बायबलमधलं स्तोत्र 51, दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबाशी, पाप केल्यानंतरचं दाविद राजाचं माफी मागणारं. परत ओढ लागली तर काउन्सेलरकडे जा, त्यात लाज कसली, हेही सांगितलं. कन्फेशनमध्ये ऐकलेलं बाहेर सांगायला फादरना चर्चच्या कायद्यानेच बंदी असते, त्यामुळे बिनधास्त बोला.

नंतर तलावपाळीला बसून खूप रडलो. चार स्टार, एक पंख्याचा कापला. बाईक नेऊ नका, पार्किंग नाहीये.