रिफर्बिश्ड लॅपटॉपमधली फसवणूक कुठे लपते आणि दुकानातच ती कशी पकडायची

बारावी झालेल्या मुलाला लॅपटॉप हवा असतो, नव्याची किंमत झेपत नाही, म्हणून घरचे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, बघायला निघतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा ऑनलाइन दुकान, कुठेही गेलात तरी माल साधारण एकाच वाटेने आलेला असतो. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून लॉटमध्ये काढलेले डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोवो थिंकपॅड. यंत्रं मुळात दणकट असतात आणि सचोटीने धंदा करणारे दुकानदारही पुष्कळ आहेत. पण याच मालावर गरजू माणसाला लुबाडणारेही बसलेले आहेत.

त्यांची जाहिरात ठरलेली असते: 'आय सेव्हन, 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, विंडोज 11, ओरिजिनल चार्जर, 4 तास बॅकअप.' ग्राहक दुकानात जातो, लॅपटॉप झटकन चालू होतो, स्क्रीनवर हीच माहिती दिसते आणि पैसे दिले जातात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ती विंडोज विक्रेत्यानेच बसवलेली असते, त्यामुळे तिच्यात दिसणारी माहिती म्हणजे विक्रेत्याचाच शब्द.

प्रोसेसरचं नाव हे याचं सरळ उदाहरण. विंडोजच्या माहितीच्या पानावर येणारं नाव रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या नोंदवहीतून) वाचलं जातं आणि लॅपटॉप सुरू होताना चालणारी छोटी स्क्रिप्ट ते बदलू शकते. कीबोर्डशेजारचं स्टिकर तर बाजारात सुटं मिळतं. म्हणून बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचं यंत्राचं स्वतःचं सेटिंगचं पान, उघडा. पॉवरचं बटण दाबताच डेलमध्ये एफ 2, एचपीमध्ये एफ 10, थिंकपॅडमध्ये एफ 1 टिचकवत राहा. तिथे प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम आणि सिरियल नंबर दिसतो. डेलचा सर्व्हिस टॅग 7 अक्षरी असतो. तो खालच्या लेबलशी जुळतो का बघा आणि तिथेच मोबाइलवर डेलच्या सपोर्ट साइटवर टाका. यंत्र कारखान्यातून कधी निघालं आणि तेव्हा आत काय होतं, ते समोर येतं. 'दोनच वर्षं वापरलाय' हे वाक्य बहुतेक वेळा इथेच कोसळतं. टॅगची जागा रिकामी असेल किंवा तो लेबलशी जुळत नसेल, तर मदरबोर्ड बदललेला असण्याची दाट शक्यता आहे.

नुसत्या 'आय सेव्हन'ला काही अर्थ नाही, पिढी विचारा. सहाव्या पिढीतल्या आय सेव्हन 6600यू मध्ये 2 कोअर (काम करणारे गाभे) आणि 4 थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत. आठव्या पिढीतल्या आय फाइव्ह 8250यू मध्ये 4 कोअर आणि 8 थ्रेड. म्हणजे नावाने धाकटा असलेला दुसराच कामाला सरस. शिवाय विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची (एखादा किरकोळ अपवाद सोडून) आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. जुन्या यंत्रावर ही तपासणी चुकवून विंडोज 11 बसवता येते. ती आज चालते, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा मागे फिरण्यातही फायदा नाही.

सगळ्यात महागात पडतं ते कुलूप. कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या व्यवस्थेत नोंदवून ठेवतात. लॉट विकताना ही नोंद काढायची राहून गेली, किंवा माल चोरीचाच असला, तर यंत्र त्या कंपनीशी बांधलेलंच राहतं. विक्रेता इंटरनेट न जोडता विंडोज बसवतो आणि साधं लोकल खातं उघडून देतो. काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग काही कारणाने ग्राहक लॅपटॉप फॉरमॅट करतो, वायफाय जोडतो आणि स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड मागितला जातो. ती नोंद मूळ कंपनीचा अ‍ॅडमिन किंवा मायक्रोसॉफ्टच काढू शकतात, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याच्या हातात ते नाही. तोवर दुकानाची महिनाभराची वॉरंटी उलटून गेलेली असते.

यावर उपाय एकच, आणि तो पैसे देण्याआधीचा. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग. अर्धा-पाऊण तास लागतो, थोडा जास्तही लागेल, पण तिथेच बसून राहा. पहिल्या सेटअपमध्ये नेटवर्क विचारलं की आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, दुकानदाराला ती पायरी ओलांडू देऊ नका. ऑटोपायलट होम आवृत्तीवर लागू होत नाही. त्यामुळे ऑफिसच्या मॉडेलवर प्रोऐवजी होम दिसली तर का, ते विचारा आणि प्रो टाकूनच ही परीक्षा घ्या. सोबत बायोसमध्ये चोरीला गेलेलं यंत्र दुरून शोधणारा आणि बंद करणारा कॉम्प्युट्रेस किंवा अ‍ॅब्सोल्यूट नावाचा पर्याय 'अ‍ॅक्टिव्हेटेड' आहे का बघा आणि एखादी सेटिंग बदलून पाहा. अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला आणि तो दुकानदाराला ठाऊक नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. मॅकबुक घेताना हीच खबरदारी अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आणि रिमोट मॅनेजमेंट (जुन्या मालकाच्या खात्याचं आणि कंपनीचं कुलूप) या दोन पडद्यांसाठी घ्यावी.

एसएसडीत, म्हणजे डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, दोन प्रकारे फसवतात. एक म्हणजे झिजलेली ड्राइव्ह. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये हेल्थची टक्केवारी आणि पॉवर ऑन अवर्स दिसतात. तीन-चार वर्षं ऑफिसात चाललेल्या यंत्रात मूळ ड्राइव्ह सांगतात आणि तास दिसतात 3, तर मीटर मागे फिरवलेलं आहे. दुसरा प्रकार जास्त घातक. फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून 64 जीबीची चिप 512 असल्याचं दाखवते. खरी जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो. फाइलींची नावं दिसत राहतात, पण उघडायला गेलात की काही नाही. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या '2 टीबी पोर्टेबल एसएसडी'च्या डबीत बहुधा मेमरी कार्ड आणि छोटा बोर्ड चिकटवलेला असतो. लोक त्यावर लग्नाचे, आईवडिलांचे फोटो ठेवतात आणि ते कायमचे जातात. यासाठी एच2टेस्टडब्ल्यू (H2testw) हा प्रोग्रॅम चालवा. तो मोकळी जागा काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो. 512 जीबीच्या बऱ्या ड्राइव्हला तासभर धरा. परीक्षा अर्ध्यावर थांबवू नका, कारण दोष खरी क्षमता संपल्यावरच उघडा पडतो.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) टाइप केलं की डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असलेला अहवाल तयार होतो. डुप्लिकेट बॅटरीची चिप मात्र खोटे आकडे देते. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि सायकल (चार्जिंगच्या फेऱ्या) 0 असतील, तर प्रत्यक्ष चालवून बघा. ब्राइटनेस निम्मा ठेवा, चार्जर काढा, अर्धा तास व्हिडिओ लावा. 60 वॉट-अवरची बॅटरी आणि 8 ते 10 वॉट खर्च धरला तर 7-8 टक्के उतरायला हवेत. 20 उतरले तर सेल गेलेले आहेत. टचपॅड वर उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे, असं यंत्र घरी आणू नका.

चार्जरवर आयएस 13252 हा मानक क्रमांक आणि 'आर-' ने सुरू होणारा 8 अंकी नोंदणी क्रमांक हवा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की उत्पादक कोण ते कळतं. गोल पिनच्या डेल चार्जरमध्ये मधली बारीक पिन वॉटेज कळवते. नकली चार्जरमध्ये ती खूण पटली नाही, तर सुरू होताना अ‍ॅडॅप्टर ओळखता येत नसल्याचा संदेश येतो, प्रोसेसर मंदावतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. लोकांना वाटतं लॅपटॉपच बिघडला.

विंडोजचा परवाना तपासायला एसएलएमजीआर /एक्सपीआर (slmgr /xpr) ही कमांड आहे. घरगुती यंत्रावर मुदतीची तारीख दिसली, तर चोरटा केएमएस अ‍ॅक्टिव्हेटर (कंपन्यांच्या परवान्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लावलेला आहे आणि तो 180 दिवसांच्या मुदतीवर चालतो. असे प्रोग्रॅम अनेकदा विंडोज सिक्युरिटीच्या एक्सक्लूजन यादीत स्वतःला घालून घेतात, म्हणजे अँटिव्हायरस तिकडे बघतच नाही. ती यादी रिकामी असली पाहिजे. अशा यंत्रावरून बँकेचा व्यवहार करू नका.

जीएसटी बिलावर मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, एसएसडी आणि सिरियल नंबर लिहून घ्या. ऑनलाइन मागवला तर खोक्यावरच्या लेबलपासून बायोसच्या पानापर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. घरातून जुना लॅपटॉप विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध मात्र ग्राहक आयोग उपयोगी पडत नाही, कारण तो व्यापारी नसतो. तिथे ओळखपत्राची प्रत आणि सिरियल नंबर टाकलेली सही केलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.