डबी हाक मारते का? हरवले तरी सापडणारे बड्स निवडताना

वर्षभरात तिसऱ्यांदा बड्स हरवले, तेव्हा मावसभावाच्या आधी मावशीचाच फोन आला. "याले वायरचे घेऊन दे बाबू, गळ्यात तरी राहतीन." रविवारी तो स्वतः नागपूरच्या प्रतापनगरला माझ्या घरी आला, तर्री-पोहे संपेपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, "दादा, बेस-बिस सोड. हरवले तर सापडतीन असे कोणते, तेवढं सांगून दे."

मी आधी विचारलं, हरवले कसे? पहिल्यांदा घरातच, डावा बड एकटा गेला. दुसऱ्यांदा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, चहाच्या ठेल्यावर अख्खी डबी राहिली. तिसऱ्यांदा काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत ओलित करताना कानातून पडला. घरच्यांच्या लेखी तिन्ही वेळा "पोट्ट्याने हरवले". फोनच्या लेखी मात्र ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि एकावरचं औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून कंपनीचं नाव नंतर. तुम्ही नेहमी काय हरवता आणि कुठे, ते आधी आठवा.

नकाशावरचा ठिपका

बड्समध्ये जीपीएस नसतं. नकाशावर जो ठिपका दिसतो तो मुळात तुमच्या फोनचा असतो: बड्सशी जोडणी तुटली तेव्हा फोन जिथे होता ती जागा. भावाची डबी बर्डीवर राहिली आणि ॲप ठिपका दाखवत होतं मिहानमधल्या त्याच्या ऑफिसवर. कारण संध्याकाळी निघताना त्याने तिथेच बड्स डबीत टाकून झाकण लावलं होतं. पुढे खापरीहून मेट्रोने सीताबर्डी, मग ठेला, मग घर, या सगळ्या प्रवासात डबी मुकीच होती. हा दोन दिवस ऑफिसात टेबलाखाली वाकून पाहून राहिला. डबी ठेलेवाल्या काकांनी बिस्किटांच्या बरणीमागे जपून ठेवली होती, पुढच्या चहाच्या वेळी त्यांनीच काढून दिली.

दुसऱ्या प्रकारचा ठिपका लोकांच्या फोनवरून येतो. हरवलेली वस्तू ब्लूटूथवर बारीक खूण सोडत राहते, शेजारून जाणारा अनोळखी फोन ती ऐकतो आणि स्वतःची जागा कुलूपबंद करून कंपनीकडे पाठवतो. ती फक्त मालकाला उघडता येते. म्हणजे हे जाळं माणसांच्या वर्दळीवर चालतं. बर्डीच्या इंटरचेंजवर मिनिटाला किती फोन जात असतील ते सांगायला नको. काटोलच्या बागेत दिवसभरात एक गडी आणि दोन बैल जातात.

ॲपल

आयफोन असेल तर शोधाच्या बाबतीत एअरपॉड्सच्या पुढे कोणी नाही, हे मी स्वतः अँड्रॉइडवाला असूनही कबूल करतो. पण सगळे एअरपॉड्स सारखे नाहीत, आणि खरेदी करताना लोक इथेच फसतात. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीचे साधे एअरपॉड्स फक्त ब्लूटूथच्या टप्प्यात किंवा शेवटच्या जागेवर दिसतात. लोकांच्या फोनचं जाळं त्यांच्यासाठी नाही. तिसरी पिढी आणि प्रो यांना ते मिळतं. २०२२ मध्ये आलेल्या प्रो २ पासून डबीलाच स्पीकर आला, म्हणजे बड्स आत बंद असले तरी डबी वाजते. शिवाय डबीतल्या चिपमुळे आयफोनवर बाण दिसतो, इतकं अंतर, या दिशेला. मात्र त्यासाठी फोनमध्येही तशी चिप हवी. ती आयफोन ११ पासून आहे, पण एसई आणि १६ई या स्वस्त मॉडेल्समध्ये नाही.

आता मधली गंमत पाहा. एअरपॉड्स ४ भारतात दोन किमतींत आले, १२,९०० आणि १७,९०० रुपये. दुकानात सांगतात की वरचे पाच हजार बाहेरचा आवाज दाबण्यासाठी. ते खरं आहे, पण त्या पाच हजारांत डबीचा स्पीकरही येतो. स्वस्तातली डबी मुकी आहे. विसरभोळ्या माणसाने पाच हजार टाकायचेच असतील तर या कारणासाठी टाकावेत.

अँड्रॉइड फोनला एअरपॉड्स जोडता येतात, गाणी नीट वाजतात, शोध मात्र लागत नाही. आणि जुने विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडून ते त्याच्या ॲपल खात्यातून समोरासमोर काढून घ्या, नाहीतर पैसे तुमचे आणि शोध त्याचा.

गूगल आणि सॅमसंग

गूगलचं जाळं २०२४ मध्ये सुरू झालं आणि २०२५ मध्ये त्याचं नाव फाइंड हब झालं. अँड्रॉइड ९ पासून पुढचे फोन त्यात येतात, म्हणजे आपल्याकडे रस्त्यावरचे बहुतेक. कागदावर हे ॲपलपेक्षा मोठं असायला हवं. प्रत्यक्षात गोपनीयतेसाठी त्याची मुळातली सेटिंग "फक्त वर्दळीच्या भागात" अशी असते: अनेक फोनांनी ती वस्तू पाहिली तरच जागा कळते. बर्डी, इतवारी, रेल्वे स्टेशन इथे चालून जातं. हिंगण्याच्या पलीकडे लोकांनी सेटिंग बदलून "सगळीकडे" केलेली असेल तरच काही आशा. तुमच्या फोनवर ती आजच बदला. फायदा दुसऱ्याचा होईल, पण उद्याचा दुसरा तुम्हीच आहात.

जाळ्यात पूर्ण येणारे बड्स अजून थोडेच आहेत. पिक्सेल बड्स प्रो २ च्या डबीलाही स्पीकर आहे, पण भारतात किंमत २२,९०० रुपये. भावाने आकडा ऐकून फक्त "हाव" म्हटलं आणि चहा मागितला. त्याच्या कामाची गोष्ट फास्ट पेअर ही आहे. डबी उघडताच फोनवर बड्सचं चित्र वर येतं ना, तेच. ही सोय दीड-दोन हजारांच्या बड्समध्येही मिळते. लोकेशन चालू ठेवलं तर शेवटची जागा नोंदली जाते आणि अनेक मॉडेल्समध्ये डावा-उजवा वेगवेगळा वाजवता येतो. खोक्यावर ही खूण आहे का ते पाहून घ्या. नथिंग कंपनीच्या ॲपमध्येही बड वाजवण्याचं बटण आहे आणि ते आयफोनवरही चालतं.

सॅमसंगचा फोन असेल तर गॅलेक्सी बड्स घ्यायला हरकत नाही. त्यांची टिकटिक हळूहळू चढत तीन मिनिटं चालते. पण फोनही गॅलेक्सीच हवा, नाहीतर अर्धी मजा गेली.

स्वस्तातले बड्स आणि मे महिना

हजार-बाराशेच्या बड्सला बहुतेक वेळा शोधायची काही सोय नसते. तरी घरात हरवलेला बड सापडतो, मी स्वतः शोधला आहे. फोनवर जोडणी दिसत असेल तर आवाज पूर्ण चढवून एखादं किरकिरं गाणं लावायचं, सनईचं उत्तम. मागच्या मे महिन्यात मी असा अर्धा तास घरभर फिरलो आणि काही ऐकू आलं नाही. बायको म्हणाली, "कूलर तर बंद करा." पंचेचाळीस डिग्रीत नागपूरच्या माणसाला कूलर चालू असल्याचं भानच राहत नाही, तो आवाज आपल्या कानात मुरलेला असतो. बंद केल्याबरोबर गच्चीवरून काढून आणलेल्या कपड्यांच्या ढिगातून, उशीच्या अभ्र्यातून, सनई ऐकू आली. कूलर, पंखा, मिक्सर सगळं बंद करा आणि शक्यतो रात्री शोधा.

मात्र रात्रीपर्यंत थांबायला बॅटरी पुरली पाहिजे. डबीबाहेर पडलेला बड चार-सहा तासांचा पाहुणा, आणि जोडणी तुटल्यावर अनेक बड्स काही मिनिटांत स्वतःच बंद होतात. म्हणून आधी शोध, मग रागवारागवी.

आवाज येत नसेल पण बड जिवंत असेल, तर ब्लूटूथ स्कॅनरची फुकट ॲप्स आहेत. त्यात सिग्नलचा आकडा उणे चिन्हात दिसतो. उणे नव्वद म्हणजे लांब किंवा भिंतीपलीकडे, उणे पन्नासच्या आसपास म्हणजे हाताशी. दोन पावलं टाका, थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. आपलं शरीर पाण्याचं, ते सिग्नल अडवतं, त्यामुळे जागेवर गोल फिरूनही दिशा कळते. लोखंडी कपाटात पडला असेल तर आकडा फसवतो, दार उघडून पुन्हा पाहा. ही पद्धत कंटाळवाणी आहे. पण तिला पैसे लागत नाहीत आणि फोन कुठलाही चालतो.

डबीला टॅग

बड्स कुठलेही असोत, डबीला सिलिकॉनचं कव्हर घालून त्याच्या कडीला टॅग, म्हणजे याच जाळ्यांवर आपली जागा कळवणारी छोटी वस्तू, अडकवता येतो. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये ३,१९० रुपयांना आला. जिओचे दोन टॅग आहेत, एक ॲपलच्या जाळ्यावर चालणारा आणि दुसरा, जिओटॅग गो, गूगलच्या. दोन्ही १,४९९ ला बाजारात आले. आत गोल सेल असतो, साधारण वर्षभर जातो. दिसायला गबाळं, खिशात फुगतं, पण मुकी डबी बोलकी होते आणि झाकण बंद असतानाही जागा कळते. भावाच्या बर्डीच्या प्रसंगी टॅगने ठेलाच दाखवला असता. एकट्या पडलेल्या बडवर मात्र त्याचा काही उपयोग नाही, टॅग डबीचाच.

आणखी एक, कारण लोक विचारतात: २०२३ पासून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोन बंद करता येतो, तसे बड्स करता येत नाहीत. ती सोय आयएमईआय या फोनच्या ओळख नंबरवर चालते, बड्सला तो नंबरच नसतो.

मग घ्यायचं काय

आयफोन आहे आणि डबी विसरायची सवय आहे: स्पीकरवाली डबी, म्हणजे १७,९०० वाले किंवा प्रो २ पासून पुढचे. बजेट तेवढं नसेल तर आहेत तेच बड्स आणि टॅग. गॅलेक्सी फोन आणि बड्स बहुतेक घरातच हरवतात: गॅलेक्सी बड्स पुरे. इतर अँड्रॉइड, भावासारखं तीन-साडेतीन हजारांचं बजेट: दोन हजारांच्या आतले फास्ट पेअरवाले, दोन्ही बड वेगळे वाजतात याची दुकानातच खात्री करून, आणि उरलेल्यात जिओटॅग गो. भावासाठी हेच ठरलं. धरमपेठेत दुकानदाराला त्याने डावा बड वाजवून दाखवायला लावला, दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच दुसरं मॉडेल काढून तेही वाजवून पाहिलं.

बागेचा प्रश्न उरला. तिथे यातलं काहीच चालत नाही. लोकांचं जाळं नाही, भर उन्हात गवतात बीप ऐकायला माणूस दहा मीटरच्या आत हवा, आणि ओल्या मातीत बड गेला की सिग्नलही गेला. त्यासाठी आठशे रुपयांचा नेकबँड घेतला. संध्याकाळी मावशीचा फोन आला, "घेतले का रे? वायर आहे ना त्याले?"

"आहे मावशी, गळ्यात राहते."