रेड हॅटचा पेड सपोर्ट: कर्नल पॅनिकच्या वेळी पैसे वसूल होतात का?

होतात, पण व्हीएमकोर, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) पॅनिक होऊन कोसळताना मेमरीची घेतलेली प्रत, हातात असेल तरच. गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यातला सर्व्हर रात्रपाळीत आपोआप रीबूट झाला, की सपोर्टवाले आधी व्हीएमकोर आणि सॉस रिपोर्ट (सिस्टमचे लॉग आणि सेटिंग एकत्र करणारी फाइल) मागतात. कन्सोलच्या फोटोवरून कर्नलच्या बगचं मूळ सहसा सापडत नाही.

म्हणून केडंप, म्हणजे व्हीएमकोर घेणारी व्यवस्था, आधीच तपासून ठेवा. आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) ९ मध्ये ४ ते ६४ जीबी रॅमला २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी मेमरी डंपसाठी राखीव राहते. स्टोरेजचे जड ड्रायव्हर असले तर तेवढी पुरत नाही. डंप घेणारा कर्नलच मेमरीअभावी कोसळतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे छोटं व्हार पार्टिशन (डिस्कचा जिथे डंप साठतो तो भाग): डंप अर्धाच लिहिला जातो. सर्व्हर कामाला लावण्याआधी सिस्टम रिक्वेस्टचा (कर्नलला थेट आदेश देण्याची सोय) 'सी' ट्रिगर देऊन मुद्दाम पॅनिक करा आणि व्हार-क्रॅशमध्ये फाइल पूर्ण आली का ते बघा. मशीन नुसतं गोठत असेल तर पॅनिक सहसा होत नाही, मग डंप कुठून येणार? एखादं काम अडकून गोठत असेल तर त्यासाठी हंग टास्क पॅनिक (अडकलेलं काम दिसताच पॅनिक करणारी सेटिंग) चालू करावं लागतं.

पावसाळ्यात वीज गेल्यामुळे झालेला रीबूटही बग वाटू शकतो. आधी बीएमसीचा (सर्व्हरवर नजर ठेवणारी स्वतंत्र चिप) इव्हेंट लॉग उघडा. तिथे पॉवर सप्लायची नोंद दिसली तर सपोर्टकडे केस टाकू नका, यूपीएस बघा.

सपोर्टचा स्टँडर्ड प्लॅन फक्त कामाच्या वेळेपुरता. शुक्रवारी रात्री पडलेला सर्व्हर सोमवारपर्यंत थांबतो. प्रीमियममध्ये सेव्हरिटी १ ला (सर्वात गंभीर बिघाड) २४ तास सेवा, १ तासात उत्तर. हे पहिलं उत्तर, तोडगा नव्हे. तीन पाळ्या चालत असतील, चवथीच्या सुट्टीतही प्लांट बंद होत नसेल, तर प्रीमियमच घ्या.

खरी अडचण टेंटेड कर्नलची, म्हणजे ज्यात बाहेरचा कोड शिरलाय अशा कर्नलची. अँटिव्हायरस किंवा बाहेरच्या कंपनीचा ड्रायव्हर लोड असला, की तो काढून बग पुन्हा घडवून दाखवा असं सांगितलं जातं. मागणी रास्तच आहे, पण चालू प्रॉडक्शनवर ती पाळणं फार जड जातं. तेव्हा असे मॉड्यूल मुळातच कमी ठेवा.

सर्वात मोलाचं काम बॅकपोर्टचं, म्हणजे नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्या जुन्यात आणण्याचं. आरएचईएल ९ चा कर्नल ५.१४ च राहतो, दुरुस्त्या मात्र आत येत राहतात आणि ड्रायव्हर सहसा मोडत नाहीत. ऑडिटवाल्याचा स्कॅनर नुसता आकडा बघून 'जुना कर्नल' म्हणाला तर त्याला आरपीएमचा (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजचा) चेंजलॉग दाखवा, त्यात सीव्हीई (सुरक्षा त्रुटींचे) क्रमांक सापडतात. केपॅच (रीबूट न करता कर्नल दुरुस्त करण्याची सोय) निवडक सुरक्षा दुरुस्त्यांपुरताच आहे. पॅनिकच्या बगसाठी नवा कर्नल टाकून रीबूट करावाच लागतो.

चाचणीच्या मशीनवर हा खर्च नको, तिथे अल्मा किंवा रॉकी (आरएचईएलशी जुळणारी मोफत लिनक्स) पुरे.