चित्रपटातला मास्तर शोधताना : ग्रंथालयांचा काही महिन्यांचा वापर

आधी निकाल सांगून टाकतो. चित्रपटाचं नाव ठाऊक असेल तर आज घरबसल्या हवं ते सापडतं. पण 'मराठी चित्रपटातला शाळामास्तर' असा पात्राचा प्रकार हातात घेऊन शोधायला बसलात, तर नेट तीच दहा नावं पुन्हा पुन्हा समोर टाकतं आणि ग्रंथालयाची पायरी चढावीच लागते. गेल्या पावसाळ्यापासून मी हेच करतोय. परदेशी ग्रंथालयांचे कॅटलॉग, ऑनलाइन संग्रह, बेळगाव-कोल्हापूरची वाचनालयं, पुण्याचं फिल्म आर्काइव्ह, सगळं वापरून झालं. सगळ्यांत जास्त कामाला आल्या त्या ज्यांना कोणी संदर्भसाधन म्हणत नाही अशा गाण्यांच्या चोपड्या. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

बेळगावातल्या टिळकवाडीत आम्ही काहीजण अधूनमधून जमून चित्रपट बघतो. मग चहा आणि वाद. मंडळींत निम्मे निवृत्त शिक्षक, कोणी खानापूरकडच्या शाळेतून, कोणी निपाणीकडच्या. त्यामुळे मराठी आणि कन्नड पडद्यावरचा मास्तर असा विषय निघाला, आणि टिपणं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात विषयशीर्षकांपासून केली, ते बरं झालं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुस्तकांना विषय लावायची जी पद्धत बसवली आहे, तिच्यात चित्रपटातल्या माणसांसाठी एक ठरलेला साचा आहे : माणसाचा प्रकार आणि पुढे 'इन मोशन पिक्चर्स'. 'टीचर्स इन मोशन पिक्चर्स', 'विमेन इन मोशन पिक्चर्स', 'पोलीस इन मोशन पिक्चर्स'. साचा एकदा कळला की जगातल्या बहुतेक मोठ्या कॅटलॉगांत तो चालतो. नुसतं 'टीचर फिल्म' टाकलं तर शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या फिती सापडतात. ठरलेलं शीर्षक टाकलं की नेमकी समीक्षेची पुस्तकं येतात. नेमकं शीर्षक माहीत नसेल तर उलट्या बाजूने जावं. आपल्या विषयाचं एक चांगलं पुस्तक वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित ऑनलाइन कॅटलॉगवर, काढायचं, त्याची पूर्ण नोंद उघडायची आणि खाली दिलेल्या विषयांवर टिचकी मारायची. काही कॅटलॉगांच्या नोंदींत ड्यूई क्रमांकही असतो, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचा दशांश आकडा. चित्रपट म्हणजे ७९१.४३, आणि विशिष्ट विषय किंवा विशिष्ट प्रकारची माणसं दाखवणाऱ्या चित्रपटांचा अभ्यास ७९१.४३६ च्या पोटात. ड्यूई पाळणाऱ्या ग्रंथालयात हा आकडा घेऊन थेट कपाटापाशी जाता येतं.

या वाटेने हाती आलं ते बहुतेक हॉलिवूडबद्दल. तरी ते वाया गेलं नाही. शिक्षकांवरच्या इंग्रजी लिखाणात १९३० चा जर्मन 'ब्लू एंजल' भेटतो : शिस्तीचा प्राध्यापक, नाचगाण्यातली बाई, आणि त्याचं घसरत जाणं. आपल्याकडे तीच कथाकल्पना १९७२ च्या 'पिंजरा'त व्ही. शांतारामांनी तमाशाच्या फडात नेली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर 'पिंजरा'त वेगळं काय केलं ते लख्ख दिसतं. जर्मन प्राध्यापकाची अब्रू जाते आणि तो संपतो. आपला मास्तर मेला असं गाव समजतं, गावात त्याची पूजा सुरू होते आणि शेवटी त्याच 'खुना'बद्दल जिवंत मास्तर फाशी जातो. माणूस मेला तरी चालेल, मास्तर टिकला पाहिजे, अशी गावाची गरज त्यात आहे. आमच्या निवृत्त मंडळींनी या एका मुद्द्यावर अख्खी संध्याकाळ खाल्ली. ही तुलना मला नेटवरच्या परीक्षणांत अशी मांडलेली दिसली नाही. ती दोन पुस्तकं शेजारी उघडून बसल्यावर सुचली.

आता तक्रारीकडे. विषयशीर्षक लागतं ते अख्ख्या पुस्तकाला. आपला विषय मात्र बहुधा एखाद्या प्रकरणात, कधी दोन पानांत असतो. तिथे पुस्तकाच्या शेवटची सूचीच तारते, आणि मराठी चित्रपटविषयक पुस्तकांत सूची असणं ही दुर्मिळ गोष्ट. प्रकाशकांनी पानं वाचवली आणि वाचकाचे तास घालवले. एका नावाजलेल्या पुस्तकात 'मास्तर' शोधायला मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत गेलो. वाचन चांगलं झालं म्हणा.

आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा भारतीय चित्रपटांचा इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १९९४, सुधारित १९९९) या कामात भक्कम आहे, कारण त्यात चित्रपटागणिक कथासार आहे. इंडियनसिने.मा या संकेतस्थळावरही शब्द टाकून शोधता येतं. युक्ती एवढीच की एका शब्दावर थांबू नये. 'टीचर', 'स्कूलटीचर', 'स्कूलमास्टर' अशी प्रत्येक वेळी निराळी यादी येते. कोशाची मर्यादा उघड आहे : नव्वदच्या दशकानंतरचं त्यात काही नाही. म्हणजे २००२ चा 'दहावी फ' नाही, २००९ चा 'निशाणी डावा अंगठा' नाही, आणि मास्तर या विषयाला हे दोन्ही सोडून चालणार नाही.

इथे आपल्याकडची वाचनालयं उपयोगी पडली. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. निपाणीवरून एसटीने दिवसात जाऊन-येऊन होतं. सीमाभागातल्या लहान वाचनालयांत विषयवार शोधायची सोय फारशी नसते. रजिस्टर असतं, पुस्तकाचं नाव नि लेखकाचं नाव, बस. पण काउंटरवर बसणाऱ्या माणसाला कपाट पाठ असतं. मी 'चित्रपट' असं लिहिलेल्या कपाटाशी घुटमळत होतो तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "तिथं काय बघताय हो सर? नट लोकांची सगळी आत्मचरित्रात आहेत की. आणि आधी दिवाळी अंक बघा, बांधून ठेवलेत वरती."

बाईंचं म्हणणं सोळा आणे खरं निघालं. चित्रपटाचा अभ्यास एका कपाटात नसतोच. शांतारामांचं 'शांतारामा' आणि डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण' आत्मचरित्रांत. 'निशाणी डावा अंगठा' ही मूळ कादंबरी म्हणून कादंबऱ्यांत. आणि पात्रांच्या प्रकारांवरचं सगळ्यांत मोकळं लिखाण जुन्या दिवाळी अंकांत आणि 'रसरंग'सारख्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांत. धूळ आहे, रुमाल न्या.

लागूंचं नाव आलंच आहे तर एक सांगतो. 'पिंजरा'तला मास्तर त्यांनी केला आणि 'सामना'तलाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'सामना'त तो दारूत बुडालेला, कुठून तरी गावात येऊन पडलेला माणूस आहे. फळा नाही, खडू नाही, वर्ग नाही. विषयशीर्षक लावणारा त्याला 'शिक्षक' या सदरात कधीच टाकणार नाही. सहकार, साखर कारखाना, राजकारण इथेच तो चित्रपट जाईल. आणि तरीही निळू फुल्यांच्या हिंदुराव धोंडे-पाटलाला प्रश्न विचारत सुटलेला तो माणूस सगळ्यांच्या तोंडी 'मास्तर'च आहे. पात्राचा प्रकार शोधणाऱ्याची खरी अडचण ही आहे. कॅटलॉग सांगतो चित्रपट कशाबद्दल आहे; त्यात कोण कोण वावरतं हे तो सांगत नाही. (याच चित्रपटाचं साल कुठे १९७४, कुठे १९७५ मिळतं. टिपणात दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी सभेत उठतोच.)

म्हणून चोपड्या. थिएटरबाहेर विकल्या जायच्या त्या, गाण्यांच्या. पुण्यातल्या राष्ट्रीय फिल्म आर्काइव्हकडे, म्हणजे १९६४ साली सुरू झालेल्या आणि आता एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) छत्राखाली असलेल्या संस्थेकडे, त्यांचा मोठा साठा आहे. आधी विषय कळवून गेलं तर काम सोपं होतं. काही चोपड्या मला बेळगावच्याच शहापुरातल्या एका गृहस्थांच्या घरीही बघायला मिळाल्या. आत काय असतं? पहिल्या पानावर नावं, मग भूमिकांची यादी, मग कथासार, मग पदं. आपलं काम त्या यादीत आहे. वरती नायक-नायिका नावानिशी, आणि खाली उतरत गेलं की पाटील, सावकार, तलाठी, पोस्टमन, मास्तर. मी पाहिलेल्या बऱ्याच याद्यांत पाटलाला आडनाव आहे, सावकाराला पहिलं नाव आहे, मास्तर मात्र नुसता मास्तर. हे कुठल्या कोशात नाही, कारण कोशात ठळक नावंच येतात. दुय्यम भूमिकांतला मास्तर, पत्र वाचून दाखवणारा, भांडण सोडवायला बोलावलेला, लग्नाची बोलणी लावणारा, तो या कागदांवरच उरलाय. कागद मात्र इतका पिवळा आणि ठिसूळ की पान उलटताना कोपरा बोटाला चिकटून येतो. फोटो काढायची परवानगी मागा, झेरॉक्सचं नाव काढू नका.

चोपडीची खोडही सांगायला हवी. कथासार मुद्दाम अर्धवट असतं. ऐन रंगात आलं की 'पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा'. पात्र कळतं, त्याचं काय झालं ते कळत नाही. चित्रपटाची प्रत उरलेली नसेल तर तिथे वाट संपते.

कन्नड बाजूला मला मदत घ्यावी लागली नाही; इथे राहणाऱ्याला कन्नड वाचता येतंच, निदान बसची पाटी वाचण्याइतकं तरी. बी. आर. पंतुलूंचा १९५८ चा 'स्कूल मास्टर' हा निवृत्त शिक्षकाचा चित्रपट. त्यांनीच दिग्दर्शन केलं, मुख्य भूमिकाही त्यांचीच. पण त्याबद्दलचं लिखाण शोधताना 'शिक्षक' इतकंच 'म्हातारे आईबाप आणि मुलं' या अंगानेही जावं लागलं, कारण मुलांनी आईबापांना विचारेनासं होणं हा त्याचा गाभा. २०१८ चा ऋषभ शेट्टींचा 'सरकारी हि. प्रा. शाले, कासरगोडु' तर आमच्या गटात सगळ्यांत जास्त बोलला गेला. केरळातल्या कासरगोडमधली कन्नड शाळा आणि तिथे कन्नड न येणारा शिक्षक पाठवला जाणं. आमच्यातल्या एका मराठी शाळेच्या माजी मुख्याध्यापकांनी तो बघून एवढंच म्हटलं, "नकाशा फिरवला की आपलंच आहे हो." त्यावर पुस्तक शोधू नका, वर्तमानपत्रांच्या फायली आणि मुलाखती बघा.

बाकीचं भराभर. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन साठ्यातले, प्रबंध फुकट आहेत आणि मराठी चित्रपटावर बरंच काही आहे, पण प्रबंधांची नावं कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत नोंदलेली, म्हणून दोन्हींत शोधा. बरेच मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप झालेत. फाइलच्या आत शब्द शोधून काही लागत नाही. अनुक्रमणिकेची फाइल आधी उतरवायची, मग हवं तेच प्रकरण. बाबूराव पटेलांच्या १९३५ साली निघालेल्या 'फिल्मइंडिया'चे अंक आर्काइव्ह.ऑर्गवर आहेत आणि त्यांत शब्द टाकून शोधता येतं. भाषा तिखट, करमणूक हमखास. जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर नोंदणी केली की दरमहा ठरावीक लेख फुकट वाचता येतात. 'बायोस्कोप' हे दक्षिण आशियाई चित्रपटांवरचं नियतकालिक मात्र कॉलेज किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसूनच परवडतं. एका कॉलेजच्या ग्रंथालयाने मला बाहेरचा म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्याने ओळखपत्र बघून खुर्ची दिली. पत्र घेऊन गेलेलं बरं. इथे कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर आपण भरतोच, निदान सार्वजनिक ग्रंथालयात तरी संकोच करू नका.

कोणासाठी हे सगळं? पीएचडीवाल्यांना यातलं निम्मं माहीत असेल. फिल्म क्लब चालवणारे, दिवाळी अंकासाठी लेख लिहिणारे, बी.ए.ला प्रकल्प करणारी मुलं, यांनी वेळ घालवायला हरकत नाही. एक-दोन चित्रपटांवर लिहायचं असेल तर एवढा खटाटोप नको, कोश आणि एक आत्मचरित्र पुरे. आणि वाचनालयात जायचं तर दार उघडताच जा. तासाभरात स्पर्धा परीक्षेची मुलं सगळी टेबलं धरतात, आणि बांधीव खंड मांडीवर उघडत नाही.