पांढरा कुडा की काळा कुडा?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात फिरताना पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचे घोस लगडलेले एखादे झुडूप दिसले की बहुतेक जण त्याला नुसतेच ‘कुडा’ म्हणतात. पाने समोरासमोर, देठ मोडताच पांढरा चीक, शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. ही लक्षणे दोन्ही कुड्यांत असल्याने गफलत होणे स्वाभाविक आहे.

फूल हाताशी असेल, तर त्याच्या मध्यभागी पाहावे. काळ्या कुड्याच्या फुलात पांढऱ्या तंतूंची नाजूक झालर असते आणि तिच्यातून परागकोशांचा सुळका वर डोकावतो. पांढऱ्या कुड्यात झालर नसते, परागकोश नळीत दडलेले असतात आणि फुलाचा मध्य मोकळा दिसतो. माझ्या मते याहून खात्रीची खूण नाही.

फुले झडून गेली असतील, तर शेंगा पाहाव्यात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या मात्र सुट्या लोंबतात. पानांवरून ओळखणे मला फारसे भरवशाचे वाटत नाही.

हा भेद केवळ हौसेचा नाही. कुटजारिष्ट या आयुर्वेदिक औषधात वापरतात ती साल पांढऱ्या कुड्याची, पण तिच्यात काळ्याच्या सालीची भेसळ होत आली आहे. काळ्या कुड्याची कीर्ती निराळी आहे: त्याच्या पानांतून निळा रंग मिळतो, तर त्याच्या फिकट, गुळगुळीत लाकडापासून कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी घडवतात.