6 व्होल्टची जावा 12 व्होल्टवर: विद्युत संच, इंजिनकाम आणि गॅरेजचा अनुभव

वडिलांची 1968 सालची आयडियल जावा 250 (टाइप 353) मोटरसायकल गेल्या वर्षी पुण्यातील एका गॅरेजमध्ये देऊन तिचे इंजिन पूर्ण उघडून बांधून घेतले आणि त्याच वेळी वीज बनवणारा मूळ 6 व्होल्टचा डायनॅमो उतरवून ‘वेप’ या झेक कंपनीचा 12 व्होल्टचा संच बसवून घेतला. त्यानंतर गाडी साधारण 1,400 किलोमीटर चालली आहे. मैसूरला बनलेल्या या गाड्या अजूनही बऱ्याच घरांच्या पार्किंगमध्ये झाकून उभ्या आहेत आणि ‘आधी वायरिंग करू, इंजिनाचे पुढे बघू’ असे त्यांचे मालक म्हणत असतात. तो क्रम चुकीचा आहे, असे माझे मत झाले आहे.

मूळ रचनेत 45 वॅटचा डायनॅमो बॅटरी भारित करतो आणि पॉइंट, कंडेन्सर व कॉइल या ठिणगी पाडणाऱ्या भागांना वीज बॅटरीकडून मिळते, त्यामुळे बॅटरी उतरली की किक मारून गाडी सुरू होणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय 25 वॅटच्या दिव्याला 6 व्होल्टवर 4 अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह लागतो, तर 12 व्होल्टवर त्याच्या निम्मा. म्हणून पन्नास वर्षे जुन्या तारा, गंजलेले जोड आणि रंगाखाली दबलेले अर्थिंग (गाडीच्या धातूशी केलेला वीजजोड) यांमध्ये जो विद्युत दाब (व्होल्टेज) वाया जातो, त्याची झळ 6 व्होल्टच्या गाडीला कितीतरी जास्त बसते. रात्री आमच्या जावाचा दिवा रस्ता उजळण्याऐवजी समोरच्याला आपण येत आहोत एवढेच कळवत असे.

मात्र गरम झालेली गाडी पुन्हा सुरू न होणे, मंद गतीवर न टिकणे आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग चढाच राहणे, या तक्रारींचे खापर आम्ही वर्षानुवर्षे विजेवर फोडत आलो, तिथे आमची चूक झाली. दर पावसाळ्यात नवा कंडेन्सर बसवला जाई. प्रत्यक्षात क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) उजव्या बाजूचे, म्हणजे नेमके डायनॅमोच्या मागे असलेले ऑईल सील (फट बंद ठेवणारी रबरी कडी) कडक होऊन फाटले होते. टू-स्ट्रोक इंजिनात ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि क्रँककेस (क्रँकभोवतीचा बंद कप्पा) स्वतःच पंपाचे काम करते. तिथे फट पडली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि त्याबरोबर ऑईलही कमी पडते, आणि अखेरीस पिस्टन चिकटतो. डाव्या बाजूचे सील गेले तर उलट प्रकार घडतो: क्लच आणि गिअरबॉक्सचे ऑईल आत ओढले जाऊन पांढरा धूर येतो, जो शेजाऱ्यांना आपल्या आधी दिसतो. उजवे सील पाहायचे तर डायनॅमो उतरवावाच लागतो, त्यामुळे नवा संच बसवताना ते न बदलणे म्हणजे भिंतीला रंग देऊन ओल तशीच ठेवणे.

संचाबद्दल तक्रार नाही. त्यात चुंबकीय रोटर (फिरणारा भाग), स्थिर गुंडाळ्यांची चकती, पॉइंटविरहित इग्निशन, नवी कॉइल आणि रेग्युलेटर येतो, आणि ठिणगी बॅटरीवर अवलंबून राहत नाही. सर्व बल्ब, हॉर्न व बॅटरी 12 व्होल्टची घ्यावी लागते, हा खर्च आधीच धरावा. रोटर पुन्हा काढण्यासाठी त्याच्याच आट्यांचा पुलर लागतो. तो संचाबरोबरच मागवावा, कारण हातोडा आणि छिन्नी घेऊन पुढे सरसावणारे मिस्त्री अजून निवृत्त झालेले नाहीत. किंमत आणि सीमाशुल्क मिळून जी रक्कम झाली ती इंजिनाच्या संपूर्ण कामाहून अधिक होती, हे मान्य करतो.

इंजिनाच्या बाबतीत गॅरेजने सिलिंडरचा ब्लॉक पुढच्या मापाला बोअर करून (आतून कापून किंचित रुंद करून) नवा पिस्टन घातला, क्रँक दाबयंत्रावर उघडून कनेक्टिंग रॉड व बिग-एंड बेअरिंग बदलले आणि जोडलेला क्रँक डायल गेजवर (सरळपणा तपासणाऱ्या उपकरणावर) फिरवून मला समोर दाखवला. या कामाला पूर्ण गुण. पोर्ट (सिलिंडरमधील वायू ये-जा करण्याची तोंडे) घासून ताकद वाढवण्याचा त्यांचा प्रस्ताव मात्र मी नाकारला. 65 × 75 मिलिमीटरचे हे लांब स्ट्रोकचे इंजिन कमी वेगावर ओढण्यासाठी घडवलेले आहे, आणि त्याचे ड्रम ब्रेक आहेत त्याच वेगाला कसेबसे पुरतात.

गॅरेजबद्दल माझी नाराजी दोन गोष्टींवर आहे. सहा आठवड्यांचे काम पाच महिन्यांवर गेले. तसेच मागच्या दिव्याचे अर्थिंग नव्या रंगावरच कसले होते, त्यामुळे तो पहिल्याच आठवड्यात लुकलुकू लागला. रंग खरवडून उघड्या धातूवर ते नीट बसवण्याचे दहा मिनिटांचे काम मला घरी करावे लागले. बिलातही ‘वायरिंग व इतर’ अशी एकच मोघम ओळ होती.

पहिले 500 किलोमीटर 1 लिटर पेट्रोलला 50 मिली ऑईल आणि त्यानंतर 40 मिली, या प्रमाणात गाडी चालवली. आता ती गरम असतानाही पहिल्या किंवा दुसऱ्या किकला सुरू होते, 35 वॅटचा दिवा चौकात उभे असतानाही मंदावत नाही, आणि साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट तिने दोघांना घेऊन एकदाही न थांबता चढला. इंजिनावर भार आल्यावर होणारा पिस्टनचा जो खडखडाट वडिलांनी ‘जावाचा आवाज असाच’ म्हणून आयुष्यभर ऐकला, तो नाहीसा झाल्याने ते किंचित खट्टू आहेत. मूळ डायनॅमो व रेग्युलेटर ग्रीस लावून कपाटात ठेवले आहेत. संचासाठी इंजिनाला कुठेही छिद्र पाडावे लागले नसल्याने ते एका दुपारी परत बसवता येतील.