लाल किल्ला ‘आज बंद है’ असं कोणी म्हणालं तर

दिल्लीला निघालेल्यांनी आधी एवढं डोक्यात ठेवा: लाल किल्ला सोमवारी बंद असतो. पंधरा ऑगस्टच्या आधी किंवा अशाच खास कारणासाठी बंद ठेवतात तेवढं सोडलं, तर एरवी उघडा असतो. माझ्या आईबाबांना यातलं सोमवारचं माहीत होतं, आणि रिक्षावाल्याने नेमकं तेच धरून त्यांना गंडवलं.

बाबांचं निम्मं आयुष्य वागळे इस्टेटमध्ये मशीनवर गेलं आणि उरलेलं पानिपतावर जे मिळेल ते वाचण्यात. भाऊसाहेबांनी १७६० मध्ये लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली, ती जागा त्यांना एकदा बघायची होती. ठाण्याहून निघाले ते त्यासाठीच.

नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंजच्या बाजूला रिक्षा केली. वार बुधवार. जरा पुढे गेल्यावर रिक्षावाला म्हणतो, “अंकलजी, लाल किला आज बंद है.” सुट्टी सोमवारी असते ना, असं बाबांनी विचारलंच. “सोमवार को विदेशी मेहमान आये थे, इसलिए छुट्टी आज दे दी.” तरी बाबा पटेनात, तेव्हा त्याने ‘किले के ऑफिस’ला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस वैतागलेल्या सरकारी आवाजात म्हणाला, “बोला ना, बंद है. कल आइये.” त्या वैतागाची मला दादच द्यावीशी वाटते. गोड बोलला असता तर बाबांना तिथेच संशय आला असता.

मग ‘सरकारी एम्पोरियम’. फक्त बघा, घ्यायलाच पाहिजे असं नाही. बोर्डावर तिरंगी पट्टा, आत चहा, गालिच्यांचे ढीग. विक्रेत्याने ‘असली पश्मिना’ म्हणत शाल अंगठीतून सर्रकन ओढून दाखवली. नऊ हजारांपासून सुरू होऊन साडेपाच हजारांवर सौदा ठरला. आईला वाटलं, आपण चांगली घासाघीस केली. पैसे यूपीआयने गेले ते कुणा माणसाच्या नावावर, आणि बिलावर जीएसटी नंबरच नाही. अशी गिऱ्हाइकं आणून देणाऱ्याला दुकानाकडून कमिशन मिळतं, म्हणून तर रिक्षाचं भाडं इतकं कमी.

संध्याकाळी हॉटेलात नाशिकचं एक कुटुंब भेटलं. ते त्याच दिवशी लाल किल्ला बघून आले होते! दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाबांची परतीची गाडी.

इथे आल्यावर आईने शाल जांभळी नाक्यावरच्या आमच्या नेहमीच्या कापडवाल्यांना दाखवली. त्यांनी कडेचा एक धागा काढून काडी लावली. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली, वास प्लास्टिकचा. अंगठीतून तर पातळ कृत्रिम कापडही जातं, म्हणजे त्या खेळाला काही अर्थ नाही. पश्मिना चांगथांगी शेळीच्या अतिशय बारीक, १२ ते १६ मायक्रॉनच्या लोकरीची असते. हाताने कातून हातमागावर विणलेली शाल साडेपाच हजारांत पडतच नाही. काश्मीर पश्मिनाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा घ्यायचीच असेल तर ते लेबल बघून घ्या.

आणि मुळात रिक्षा कशाला? नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोच्या यलो लाइनने दुसरं स्टेशन चांदनी चौक, तिथून किल्ला पायी जाण्याइतका. थेट लाहोरी दरवाज्यासमोर जाऊन उभे राहा. बंद असेल तर दरवाजाच सांगेल. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, त्यामुळे कोणी ‘बच्चों का टिकट’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

वाटेत कोणी असं अडवलंच तर पर्यटन मंत्रालयाची हेल्पलाइन १३६३ आहे, चोवीस तास. खोटा माल गळ्यात मारला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आम्ही तिथे तक्रार केली आहे. पक्कं बिल नसल्यामुळे हाताशी आहे तो यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि आईने दुकानात हौसेने काढलेला फोटो, ज्यात मागे दुकानाचा बोर्ड पूर्ण वाचता येतो.